अर्ध्या उजेडातला शिंपला

प्रफुल्लच्या बैठकीत पाऊल टाकताच प्रणालीला दोन गोष्टी कळल्या. टाकीतला शिंपला मरायला टेकला होता, आणि तो किरण मडावीचा होता.

शिंपले ती माणसांच्या चेहऱ्यांसारखे ओळखायची. दोन शिंपल्यांच्या झालरीवरची नक्षी कधी सारखी नसते. किरणच्या शिंपल्याची झालर निळी-हिरवी होती, तिच्यावर नदीला फाटा फुटावा तशी एक तपकिरी रेघ, आणि डाव्या टोकाला उंदरानं कुरतडल्यासारखी खाच. दर आठवड्याला त्या झालरीसमोर उकिडवं बसून तिनं किरणच्या आईच्या हातचा कोरा चहा प्यायला होता. आज सकाळीच चंद्रपूरभर बातमी झाली होती. रात्री बाबुपेठेत मडावींच्या घरात तिघं घुसले, शिंपला उचलला, आणि टाकीसमोर आडव्या उभ्या राहिलेल्या किरणच्या आईच्या, सुनीता मडावीच्या डोक्यात लोखंडी गज घातला. ती जागीच गेली. आधीच खाटेवर असलेल्या किरणचा झटका सकाळपर्यंत बळावला आणि त्याला सरकारी दवाखान्यात हलवलं.

"दादा," प्रणाली म्हणाली, "हा किरणचा शिंपला आहे."

"आता ओवीचा आहे," प्रफुल्ल म्हणाला.

प्रफुल्ल तिचा भासरा, तिच्या नवऱ्याचा, रोशनचा मोठा भाऊ. पडोलीच्या नाक्यावर त्याचे कोळशाचे ट्रक उभे असायचे, आणि ट्रकांपेक्षा त्याच्या माणसांचा दरारा जास्त होता. प्रणाली या घरात सून म्हणून आल्यापासून त्यानं कधी तिच्या हातातून पाण्याचा पेलासुद्धा घेतला नव्हता. ती पेला टेबलावर ठेवायची, मग तो उचलायचा. अंतर पाळायची ही जुनी रीत त्यानं एवढी वर्षं सांभाळली होती.

"तुम्ही त्याच्या आईला मारलंत," ती म्हणाली.

"तिले कोण म्हणे मधात उभी राह्यले?"

प्रणाली वळली आणि दाराकडे निघाली. दोन पावलं गेली असेल नसेल, प्रफुल्लनं मागून तिचे केस मुठीत धरले, तिला फरफटत मागे आणलं आणि तिचा गाल टाकीच्या काचेवर दाबला. दात ओठात रुतले. काचेवर रक्ताची पुसट रेघ उमटली.

"दिसते का?" तो तिच्या कानाशी म्हणाला. "मरून राहिला तो. जगव त्याले."

दारात रोशन उभा होता. तिचा नवरा. हातात गाडीची किल्ली होती, आणि तो त्या किल्लीकडेच बघत होता.

सिकलसेल हा या भागाचा जुना आजार. निरोगी माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या आजारात अंगातलं पाणी कमी झालं, उन्हाचा ताण पडला, की त्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्यांत अडकून बसतात. मग हाडांतून अशा कळा निघतात की माणूस गुरासारखा ओरडतो. चंद्रपूरचा उन्हाळा दर साली लांबत चालला होता, आणि त्याबरोबर झटकेही वाढत चालले होते.

उपाय सापडला तो समुद्रात. प्रवाळांच्या खडकांवर राहणारा राक्षसी शिंपला स्वतःची शेती स्वतःच्या अंगात करतो. कवच उघडून तो रंगीत, मांसल झालर उन्हाकडे पसरतो. त्या झालरीत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर साखर बनवतं आणि शिंपला त्या साखरेवर जगतो. झालरीच्या वरच्या थरात चकाकणाऱ्या पेशी असतात. त्या ऊन अडवत नाहीत, वाकवून आत सोडतात, त्यामुळे शैवालाच्या उतरंडीत अगदी तळाशी बसलेल्यालाही त्याच्या वाट्याचा उजेड मिळतो. शास्त्रज्ञांनी त्या शैवालात एक जनुक घातलं, आणि साखरेबरोबर ते एक द्रव्य बनवू लागलं. ते द्रव्य पोटात गेलं की तांबड्या पेशी वाकत नाहीत. काचेच्या भांड्यात हेच शैवाल वाढवून पाहिलं तर वरचं करपायचं, खालचं उपाशी राहायचं, आणि थोड्याच पिढ्यांत सगळं ते काम विसरून जायचं. शिंपल्याच्या अंगात मात्र विसरायचं नाही. शिवाय ते द्रव्य काही तासांतच निकामी व्हायचं. त्यामुळे ना त्याची गोळी झाली, ना बाटली. ज्याला औषध हवं त्याच्या घरात जिवंत शिंपला हवा. खारं पाणी, गार करणारं यंत्र, वर दिवे, आणि शिंपल्याच्या नळीतून येणारं पाणी गाळून घेणारी एक छोटी डबी.

शिंपला वाढायला वर्षं लागतात. रोगी जास्त होते, शिंपले कमी. प्रफुल्लची मुलगी ओवी सतरा वर्षांची होती आणि तिचा नंबर अजून लागला नव्हता.

प्रणालीचं काम दिव्यांचं. घरोघर जाऊन ती शिंपल्याची जागा ठरवायची. कोणता वाळूवर बसवायचा, कोणता खडकाच्या पायरीवर, दिवा किती उंच, किती तास. उजेड हीच मात्रा होती. कमी पडला तर औषध नाही, एकदम वाढवला तर शिंपला पांढरा पडून मरणार.

"इतक्या वर कोणी ठेवला?" ओठावरचं रक्त पुसत तिनं विचारलं.

"मी," प्रफुल्ल म्हणाला. "पायरी चढवली की औषध वाढते. तूच सांगतेस ना लोकाइले?"

प्रणाली थांबली. हे वाक्य ती लोकांना सांगत नव्हती. उलट ते कोणाला कळू नये म्हणून जपायची, कारण कळलं की जो तो दिवे वाढवत सुटला असता. ती ते फक्त एकदा, फक्त एका घरात बोलली होती. किरणचा शिंपला एक पायरी वर बसवताना सुनीताला. तेव्हा उंबऱ्यावर चपला काढून रोशन बसला होता. तिला फेरीवर न्यायचा-आणायचा तोच.

तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं.

"मले वाटलं नुसता उचलून आणतील," रोशन म्हणाला. "ओवीसाठी. मारतील असं नव्हतं वाटलं."

प्रणालीच्या हाताशी, टाकीच्या कडेवर, दिवे कसायचा पाना होता. तो कधी उचलला हे तिलाही कळलं नाही. पाना रोशनच्या गालावर बसला, आणि तो दाराच्या चौकटीवर आदळून खाली बसला. तोंडातून रक्त आलं, एक दात पडला. त्यानं हात वर केला नाही. प्रफुल्लही मध्ये पडला नाही. तो एवढंच म्हणाला, "झालं? आता शिंपल्याकडे पाह्य."

तिनं दोन्ही हात पाण्यात घातले. शिंपला हलक्या हातानं उचलून तिनं त्याची खालची बाजू पाहिली. पायाचे धागे मुळापासून तुटले होते. या धाग्यांनी शिंपला खडकाला धरून राहतो. हलवायचा तर धागे एकेक करून पात्यानं कापावे लागतात. यांनी त्याला ओढून काढला होता, झाडावरून फांदी मोडावी तसा. शिवाय इथं आणून थेट प्रखर दिव्याखाली, वीतभर अंतरावर ठेवला होता. झालर आक्रसली होती, कवच आ वासून पडलं होतं. झालरीच्या काठाला शेकडो बारीक डोळे असतात, साधी सावली पडली तरी निरोगी शिंपला खटकन मिटतो. तिनं हात त्याच्यावर धरला. कवच जेमतेम हललं.

तिनं त्याला टाकीच्या तळाशी वाळूवर ठेवलं, झालर वर करून, पाण्याचा झोत अंगावर येणार नाही अशा कोपऱ्यात. दिवे वर ओढून मंद केले आणि काचेवर चादर टाकली.

"आता?" प्रफुल्लनं विचारलं.

"आता काही नाही. त्याला पडून राहू द्या. पंधरवडाभर तरी औषध मिळणार नाही. कदाचित कधीच नाही."

"पंधरवडा?" तो म्हणाला. आतल्या खोलीतून कण्हण्याचा आवाज येत होता, आणि तो आवाज आला की त्याचे डोळे दाराकडे जायचे. "दोन दिवस निघणार नाहीत तिच्यानं."

"मग दवाखान्यात न्या. सलाइन लागेल, कळांवर इंजेक्शन मिळेल."

"तिच्या आईले नेलं होतं. परत आणलं का?"

ओवीची आई त्याच आजारानं गेली तेव्हा ओवी रांगत होती. तिला मोठी केली ती प्रणालीनंच.

ती आत गेली. ओवी कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. उशी घामानं आणि लाळेनं ओली झाली होती. प्रणालीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तशी ती आणखी आक्रसली.

"काकू, तो कोणाचा आहे?"

"शिंपला?"

"मी ऐकलं सगळं. भिंत पातळ आहे. तरी तू सांग."

प्रणालीनं खरं ते सांगितलं. ओवीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मग कळ आली, तिनं उशीचा कोपरा चावला, आणि कळ ओसरल्यावर म्हणाली, "मले मरायचं नाही, काकू."

"माहीत आहे."

"पण मी कोणाले मारा म्हणून सांगितलं नव्हतं."

बाहेरून प्रफुल्लनं हाक मारली. तो टाकीपाशी उभा होता, हातात गाळणीची डबी. डबी उघडून त्यानं टेबलावर उपडी केली. त्यातून स्वच्छ पाणी सांडलं.

"यात काहीच नाही."

"नसणारच," प्रणाली म्हणाली.

त्यानं चादर ओढून फेकली आणि दिव्यांचा खटका शेवटपर्यंत फिरवला. सगळी बैठक निळ्या-पांढऱ्या उजेडानं फटफटीत झाली. मग त्यानं बाह्याही न सारता हात पाण्यात घातला, शिंपला उचलला आणि पुन्हा खडकाच्या माथ्यावर नेऊन ठेवला.

"ऊन दाखवलं की काम करते," तो म्हणाला. "माणसं बी तशीच."

थोड्याच वेळात शिंपल्याच्या नळीतून तपकिरी धागे बाहेर पडू लागले. धुरासारखे, हळूहळू. प्रफुल्लचा चेहरा उजळला. त्याला ते औषध वाटलं.

"ते औषध नाही, दादा. तो शैवाल ओकतोय. सगळं ओकला की पांढरा पडेल आणि संपेल. बंद करा दिवे."

तो हलला नाही. प्रणालीनं खटक्याकडे झेप घेतली. त्यानं तिचा हात मनगटाशी पकडला, टेबलाच्या कडेवर ठेवला आणि दुसऱ्या हाताची मूठ त्यावर हाणली. बोटं मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, कळ मागून आली. प्रफुल्लनं भिंतीशी टेकवलेला गज उचलला. त्याच्या टोकाला अजून काहीतरी वाळलेलं चिकटलेलं होतं.

"तुले वाटते मले दिसत नाही?" तो म्हणाला. "तू त्याले मारून राहिलीस. त्या मडाव्यासाठी."

त्यानं गज वर घेतला आणि तेवढ्यात रोशन मधे आला. तोंडातून रक्त गळत होतं, बोलणं नीट येत नव्हतं. तो "दादा" एवढंच म्हणाला. गज त्याच्या डोक्यावर, कानाच्या वर बसला. रोशन प्रणालीच्या पायाशी कोसळला.

प्रफुल्लनं पुन्हा गज उचलला. प्रणालीनं चांगल्या हातानं वरचा दिवा धरला. भलामोठा, ओतीव धातूचा, पूर्ण उजेडावर तापलेला. तिच्या तळहाताची कातडी त्याला चिकटली. तिनं दिवा साखळीसकट खाली ओढला आणि झोक्यासारखा प्रफुल्लच्या तोंडावर सोडला. तापलेला धातू त्याच्या डोळ्याशी बसला. तो ओरडला, मागे झोकांडला आणि अंगातला सगळा भार घेऊन टाकीवर कोसळला. काच फुटली. खारं पाणी बैठकभर पसरलं, खडक गडगडले, आणि प्रफुल्ल त्या सगळ्यात पाय पसरून बसला. मांडीत काचेचा हातभर तुकडा शिरला होता. त्यानं तो उपटला.

हीच चूक झाली. रक्त उसळून आलं, ठोक्याठोक्याला.

शिंपला पायपुसण्याजवळ पडला होता. कवच अर्धवट मिटलेलं. प्रणालीनं बादली शोधली, जमिनीवरचं खारं पाणी तळव्यानं तिच्यात लोटलं, जेमतेम बुडेल एवढं, आणि शिंपला त्यात ठेवला. मग तिनं प्रफुल्लकडे पाहिलं. त्याच्या हाताला जोर उरला नव्हता. ओठ पांढरे पडत होते.

"ओवी," तो म्हणाला. "ओवीले..."

रोशन सरपटत त्याच्यापर्यंत गेला. स्वतःचा शर्ट काढून त्यानं भावाच्या मांडीवर दाबला आणि दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकून धरला. त्याच्या कानातून रक्त येत होतं. तो प्रणालीला म्हणाला, "तू जा. पोरीले घेऊन जा. मी धरतो."

"आणि गाडी?"

"किल्ली खिशात आहे. माह्या खिशात हात घाल."

तिनं घातला. लग्नाचा तो शेवटचा स्पर्श.

ओवीला तिनं पाठीवर घेतलं, बादली कोपराला अडकवली, आणि भर दुपारच्या उन्हात ती अंगणातून गाडीपर्यंत गेली. मोडक्या बोटांनी आणि भाजलेल्या तळव्यानं स्टिअरिंग धरता येत नव्हतं, ते तिनं कोपरानं सांभाळलं. वाटेत तिनं रुग्णवाहिकेला फोन लावून प्रफुल्लचा पत्ता सांगितला, आणि पोलिसांनाही सांगितला.

दवाखान्यात डॉक्टर तृप्ती वैरागडे सिकलसेलचा वॉर्ड सांभाळत होत्या. त्यांनी ओवीला सलाइन लावलं, कळांवर इंजेक्शन दिलं, प्रणालीची बोटं फळीला बांधली, भाजलेल्या तळव्याला मलम लावलं. मग दोघींनी मिळून वॉर्डाच्या टोकाला, खिडकीपासून दूर, प्लास्टिकच्या टबात खारं पाणी बनवलं. प्रणालीनं शिंपला वाळूवर ठेवला आणि वर एकच मंद दिवा टांगला, अर्ध्या उजेडाचा. ती स्वतः त्याच्याशेजारी जमिनीवर झोपू लागली.

शिंपला मेला नाही. काठाला पांढरे चट्टे पडले, पण मधली झालर निळी राहिली. काही दिवसांनी सावली पडली की तो मिटू लागला. मग एके सकाळी गाळणीच्या डबीत पिवळसर झाक दिसली. डॉक्टरांनी तपासलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "पण निम्मं. दिवा वाढवता येईल?"

"वाढवला तर मरेल."

"मग एवढंच. एकाला नीट पुरेल. दोघांत वाटलं तर दोघंही कशीबशी तगतील, झटके येत राहतील, पण तगतील." डॉक्टरांनी डबी बंद केली. "शिंपला किरणच्या नावावर आहे. त्याला विचारल्याशिवाय मी थेंबही दुसऱ्याला देऊ शकत नाही. आणि मी विचारणार नाही, प्रणालीताई. मला तोंड नाही."

प्रणालीलाही नव्हतं. तरी तीच गेली.

किरण पडद्याच्या पलीकडच्या खाटेवर होता. सव्वीस वर्षांचा, आयटीआयमध्ये वायरिंग शिकवणारा. नाकाला नळी, डोळे पिवळे. पडद्याच्या अलीकडे ओवी आहे, हे वॉर्डात कोणी त्याच्यापासून लपवलं नव्हतं.

"तुमच्या नवऱ्यानं घर दाखवलं ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"अन् तुम्ही मागायले आल्या."

"हो."

तो छताकडे बघत बोलू लागला. आवाज चढला नाही. "पहिला गज बसला तेव्हा आई पडली नाही. टाकीले धरून उभी राहिली. मी खाटेवर होतो, मले उठता येत नव्हतं. तिची बोटं काचेवरून सुटत नव्हती, म्हणून एकानं बोटांवर मारलं. मग डोक्यात पुन्हा. तुमच्या भासऱ्यानं. त्याचं तोंड मी पाह्यलं. तो रडून राहिला होता मारतेवेळी." त्यानं श्वास घेतला. "मले तेच समजत नाही. रडत होता, तरी मारत होता."

पडद्यापलीकडे ओवीचं कण्हणं थांबलं होतं. ती ऐकत असणार.

"ती किती मोठी आहे?"

"सतरा."

किरणनं डोळे मिटले. प्रणालीला वाटलं, झोपला. उठावं असा विचार ती करत होती, तेवढ्यात तो म्हणाला, "द्या तिले. अर्धं. पण देताना माह्या आईचं नाव घ्यायचं. दर वेळी. मोठ्यानं. त्या पोरीनं ऐकल्याशिवाय पेला तोंडाले लावायचा नाही. जमेल?"

"जमेल."

"नाही जमलं तर बंद करा. मग मी सगळं एकटा पितो."

त्या दिवसापासून प्रणाली पेला भरायची, आधी किरणला द्यायची, मग पडद्याला वळसा घालून ओवीच्या खाटेपाशी जायची आणि म्हणायची, "सुनीता मडावी." पहिल्या दिवशी ओवीनं तोंड फिरवलं आणि भडभडून ओकली. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे घट्ट मिटून घोट घेतला. तिसऱ्या दिवशी पेला भिंतीवर फेकला. काच फुटली, औषध भिंतीवरून ओघळलं. दिवसभर तिला कळा आल्या आणि प्रणालीनं तिला दुसरा पेला दिला नाही, कारण दुसरा नव्हता. त्यानंतर तिनं कधी फेकला नाही.

प्रफुल्लचा पाय मांडीपासून कापावा लागला. तो वाचला आणि तुरुंगात गेला. रोशनही तुरुंगात गेला. त्याला आता एका कानानं ऐकू येत नाही, असा निरोप आला. प्रणाली भेटायला गेली नाही. खटल्यात किरणनं साक्ष दिली, प्रणालीनं दिली. ओवीला बोलावलं तेव्हा ती उभी राहून म्हणाली, "बाबा रात्री घरी आले तेव्हा त्यांच्या चपलांना रक्त होतं. मी पाह्यलं. मी काही बोलली नाही, कारण मले शिंपला पाह्यजे होता." प्रफुल्ल कठड्यात कुबडीवर उभा होता. त्यानं मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

शिंपला वॉर्डातच राहिला, आणि त्याच्यासाठी ती दोघंही. पांढऱ्या चट्ट्यांच्या कडेनं पुन्हा रंग चढू लागला, पण प्रणालीनं दिवा वाढवला नाही. किरणला झटके येत, ओवीलाही येत. दोघांमधला पडदा कोणी काढला नाही. कधी एकाच वेळी दोघांना कळा यायच्या आणि दोन्ही बाजूंनी ओरडणं ऐकू यायचं, आणि ते कोणाचं, हे बाहेर उभ्या माणसाला सांगता आलं नसतं.

एका सकाळी प्रणालीचा हात फार दुखत होता. बोटं वाकडीच जुळली होती, आणि थंडीत ठणकायची. किरणचा पेला देऊन ती ओवीकडे आली, पेला तिच्या हातात ठेवला आणि टबाकडे वळली, पाण्याचा खारटपणा तपासायला.

मागून पेला टेबलावर टेकल्याचा आवाज आला नाही, घोटाचाही आला नाही. तिनं वळून पाहिलं. ओवी पेला ओठांशी धरून तशीच बसली होती.

"काकू," ती म्हणाली, "नाव."